खेळ सुटला कुठे?

‘खेळ सोडून वॉल्टर कॅम्पने घड्याळांच्या धंद्यात जम बसवला’ हे अमेरिकन फुटबॉलमधल्या या माणसावरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. येल विद्यापीठासाठी खेळणं थांबलं, न्यू हेवन क्लॉक कंपनीत तो पुढे अध्यक्षपदापर्यंत पोचला, हे खरंच. पण १८८८ मध्ये येलचा सराव चालायचा तेव्हा संघाचा प्रशिक्षक असलेला हा कंपनीत अडकलेला, म्हणून त्याची बायको ॲलिस मैदानाच्या कडेला उभी राहून कोण कसा खेळतोय ते टिपायची आणि संध्याकाळी त्याला सांगायची. मग खेळाडू घरी जमायचे, डावपेच ठरायचे. त्या मोसमात येलने १३ पैकी १३ सामने जिंकले, ६९८ गुण केले आणि समोरच्यांना एकही दिला नाही! एवढ्या मोठ्या लेखात ॲलिसचं नावसुद्धा नसावं?

आमच्या ऑफिसात खरेदी खात्यात एक जुने कबड्डीपटू आहेत. पाच वाजले की गडी थेट मैदानावर. नोकरी लागली म्हणजे खेळ सुटला का, ते त्यांच्या बायकोला विचारा. आणि कॅम्प तर १९२५ मध्ये वारला तोही न्यूयॉर्कला नियम समितीच्या बैठकीसाठी गेलेला असताना.