पिल्लू परत आलं, म्हणे बहिरं आहे

आज सकाळी एक गृहस्थ स्कूटीवरनं आले, पायाशी गोणपाटाची पिशवी, पिशवीत पिल्लू. मागच्या आठवड्यात हेच पिल्लू हौसेनं नेलेलं, पोरांनी स्टेटसला फोटो पण टाकलेले. आता म्हणतात, "ह्याला ऐकू येत नाही बहुतेक ओ, हाक मारली तर बघत सुद्धा नाही, आणि चावतंय पण. दुसरं असलं तर द्या की." दुसरं द्या!! चप्पल घट्ट झाली म्हणून दुकानात बदलून मागतात तसं. आई शेजारी उभी होती म्हणून गप्प बसलो, आता इथं लिहायलोय.

अहो पिल्लं सगळीच आंधळी-बहिरी जन्मतात. डोळे उघडायला १०-१४ दिवस, कान त्याच्याही नंतर. काही पांढऱ्या पिल्लांच्या आतल्या कानात रंगाच्या पेशीच नसतात, मग ऐकायच्या पेशी पहिल्या काही आठवड्यातच मरतात, डाल्मेशियनमध्ये तर हे सगळ्यांना ठाऊक आहे. ह्यात त्या जिवाची काय चूक? आणि चावतंय म्हणे. भावंडं केकाटलेली ऐकूच आली नाहीत तर दात किती लावायचे ते त्याला कळणार कसं?

आमचा बंड्या ठार बहिरा. वडगावच्या जुन्या घरी होता, पांढराफेक, नाक गुलाबी. बाबा कॉटवर बसले की त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून झोपायचा, पाऊल जरा हललं की हा टक्क जागा. हाक मारायची वेळच यायची नाही. जेवायला बोलवायचं झालं की आई अंगणातला लाइट दोनदा चालू-बंद करायची, हा शेपूट हलवत हजर. हात खाली म्हणजे बस, तळवा दाखवला म्हणजे थांब. गल्लीतल्या चांगल्या कानांच्या कुत्र्यांनी कुणाचं एवढं ऐकलेलं मला तरी आठवत नाही.

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला आमच्यात डॉल्बी कसा असतो ते बेळगावकरांना सांगायला नको. बाकीची कुत्री कॉटखाली थरथरत, आणि बंड्या उंबऱ्यात आडवा. फरशी हादरायला लागली की एक डोळा उघडून बघायचा, परत झोप.

होय, मान्य. घर हायवेला लागून असेल, गेट उघडं असेल तर घेऊ नका, मागनं येणारी गाडी ह्यांना कळत नाही. बंड्याला पण आम्ही पट्ट्याशिवाय कधी बाहेर काढला नाही. झोपेत एकदम हात लावला की दचकून चावू शकतं, आधी हाताचा वास द्यायचा, हे पोरांना शिकवावं लागतं. शिकवा की मग, मोबाइल शिकवायला लागत नाही तेवढंच.

खरं डोकं फिरतं ते ब्रीडरांवर. चट्ट्यापट्ट्यांचा मर्ल रंग महाग विकतो म्हणून मर्लशी मर्ल जोडी लावतात, चारातलं एक पिल्लू डबल मर्ल, म्हणजे आई-बाप दोघांकडनं मर्ल घेतलेलं, निघायचा चान्स, आणि त्यातली किती तरी बहिरी नाहीतर आंधळी. जाहिरातीत मात्र 'रेअर कलर'! आणि आपण? २००५ ला शेजारच्या मुधोळ हाउंडचं पोस्टाचं तिकीट निघालं तेव्हापासनं इथं जो तो देशी कुत्र्यांचा अभिमानी. गल्लीतलं पांढरं पिल्लू मात्र गोणपाटात घालून परत.

असो. मारून मुटकून कुणाला कुत्रं पाळायला लावता येत नाही, आणि परत आणून दिलं हे एक बरं केलं, रस्त्यात सोडणारे पण आहेतच.

दुपारी ते झोपलेलं असताना मागच्या खोलीत स्टीलचं ताट पाडलं, कानाचं पान हललं नाही. जागं असताना मागनं टाळी वाजवली तर लगेच वळलं, पण त्यावर जाऊ नका, टाळीचा वारा लागतो. डोळ्यापुढनं कापूस सोडला तर खाली पडेपर्यंत बघत बसलं आणि मग तो खाऊन टाकायला गेलं, म्हणजे नजर ठणठणीत. एका कानानं येत पण असेल ऐकू. डोक्याला वायर लावून बेअर म्हणून टेस्ट करतात, पिल्लू ५-६ आठवड्यांचं झालं की होते, त्यातच पक्कं कळतं. तोपर्यंत 'बहुतेक'च. ज्यांना हे 'बहुतेक' झेपत नाही त्यांनी खरंच नेऊ नका.

बाकीच्यांनी, म्हणजे ज्यांच्या गेटला आतनं कडी आहे आणि ज्यांच्या घरी दिवसा कोणीतरी असतं त्यांनी, इनबॉक्स करा. पहिलं इंजेक्शन झालंय. पुढच्याचे पैसे मी देतो.