फॉरेस्ट्रीला ॲडमिशन घ्या, कॅल्क्युलेटर घरी ठेवा

बारावीला बायोलॉजी होतं, नीटमध्ये गाडी घसरली आणि आता कॅप राऊंडच्या यादीत खाली कुठेतरी बीएस्सी ऑनर्स फॉरेस्ट्री दिसतंय? भरा तो ऑप्शन डोळे झाकून. दापोली मिळालं तर सोन्याहून पिवळं, समुद्र जवळ, हापूस जवळ, लांब फक्त नोकरी. अकोला मिळालं तर ऊन फुकट.

खर्चाचं म्हणाल तर सरकारी कॉलेजची फी इंजिनिअरिंगच्या मानाने किरकोळच, त्यामुळे वडील खुश, "स्वस्तात निभावलं" म्हणून. त्यांना खुश राहू द्या. डिग्रीची चार वर्षं संपली की खरं बिल पुण्यात, स्पर्धा परीक्षेच्या तयारीत सुरू होतं, पेठेत कॉट बेसिसवर खोली, मेस, अभ्यासिकेची फी, टेस्ट सिरीज, आणि दर रविवारी घरून फोन, "काय, जाहिरात आली का रे?" हा खर्च कुठल्याच प्रॉस्पेक्टसमध्ये नसतो बरं का, त्यामुळे तो धरायचाच नाही.

कॉलेजात तुम्हाला फाउस्टमान शिकवतील. 1849 साली या जर्मन माणसाने सूत्र मांडलं, की जमिनीवर जंगल वाढवत राहिलं तर पुढे जे पैसे मिळणार त्यांची आजची किंमत किती. सागाचं रोटेशन, म्हणजे लावणीपासून तोडणीपर्यंतचा काळ, 60 वर्षं धरा, व्याज 8 टक्के, तर 60 वर्षांनी हातात येणाऱ्या 100 रुपयांची आजची किंमत भरते जेमतेम 1 रुपया. अख्खा वर्ग हे वहीत उतरवून घेतो, परीक्षेत मार्कही मिळवतो, पण हेच गणित आपल्या डिग्रीला लावून बघावं असं एकाच्याही डोक्यात येत नाही. तुम्हीही येऊ देऊ नका, उगाच झोप उडते.

आता कमाई. एमपीएससीची वनसेवा आहेच की, आरएफओ (वनक्षेत्रपाल), एसीएफ (सहायक वनसंरक्षक), गाडी, वर्दी, सगळं. फक्त त्या रांगेत तुमच्या पुढे मेकॅनिकलवाला उभा असेल, सिव्हिलवाला असेल, केमिस्ट्रीवाली असेल, कारण ती पोस्ट फॉरेस्ट्रीवाल्यांसाठी राखीव वगैरे नाही. युपीएससीच्या आयएफएसलाही, म्हणजे भारतीय वनसेवेलाही, तेच. तिथे तर इंजिनिअर लोक फॉरेस्ट्री हाच ऑप्शनल घेतात, काही महिन्यांत नोट्स पाठ करतात आणि जे शिकायला तुम्ही चार वर्षं डास चावून घेतले त्यावर तुमच्यापेक्षा जास्त मार्क काढून डेहराडूनला ट्रेनिंगला जातात. वाईट वाटून घेऊ नका. 4 तासांत 25 किलोमीटर चालायची टेस्ट त्यांनाही असते, तेवढंच समाधान.

2019 ला राज्यात 33 कोटी झाडं लावायचं टार्गेट आलं तेव्हा फॉरेस्ट्रीच्या पोरांना वाटलं, आता आपले दिवस आले. खड्डे खणायला आणि फोटोत रोपाला हात लावायला डिग्री लागत नाही हे नंतर कळलं.

प्रायव्हेटमध्ये पण आहे स्कोप, नाही असं नाही. सध्या कार्बन क्रेडिटची, म्हणजे झाडांनी शोषलेल्या कार्बनचे पैसे मिळण्याची, हवा आहे. काम सोपं, शेतकऱ्याच्या बांधावर जायचं, छातीच्या उंचीवर म्हणजे बरोबर 1.37 मीटरवर खोडाला टेप गुंडाळायचा, घेर वाचायचा, ॲपमध्ये भरायचा, रेंज गेली की परत भरायचा, मग पुढचं झाड. शेतकरी विचारणार, पैसे कधी मिळणार? सांगायचं, प्रोसेस चालू आहे. तुमच्या पगाराबद्दल एचआर तुम्हाला हेच सांगतो, त्यामुळे पाठांतर वेगळं करावं लागत नाही.

शिवाय समाजात मान आहे तो वेगळाच. गावातल्या प्रत्येक ग्रुपवर साप निघाला की अंधारातला हललेला फोटो तुम्हालाच येणार, "विषारी आहे का? लवकर सांग." झाडाला कीड लागली, तुम्ही. बिबट्या आला, तुम्ही. फुकट सल्ल्याचं मार्केट एवढं मोठं दुसऱ्या कुठल्या डिग्रीला आहे सांगा.

तेव्हा जास्त विचार करू नका, लास्ट डेटच्या आत फॉर्म भरून टाका. आणि काकांचं घराचं काम निघालंय, ते आत्तापासूनच मुख्य दरवाजाच्या चौकटीला स्वस्तात सागवान मागणार. हो म्हणा. पोस्टिंग होईस्तोवर त्यांच्या नातवाचं घर बांधायला निघेल, त्याला देऊ.