गुडघ्यात धातू बसवण्याआधी सगळ्यांनी ॲलर्जीची टेस्ट करायलाच हवी?

सध्या सगळीकडे फिरणाऱ्या संदेशात तीन दावे आहेत. इम्प्लांट (शरीरात बसवायचा कृत्रिम सांधा किंवा धातूची प्लेट-स्क्रू) बसवण्याआधी प्रत्येकाने धातूच्या ॲलर्जीची टेस्ट करावी. ती पॉझिटिव्ह आली तर शरीर इम्प्लांट बाहेर फेकतं. आणि आधीच बसवलेला सांधा दुखत असेल तर ती ॲलर्जीच, काढून टाका. असं वाचून कुणी गरजेचं ऑपरेशन टाळलं किंवा नको असलेलं दुसरं करून घेतलं, तर भोगायचं त्यालाच. म्हणून हे लिहितोय.

टेस्ट प्रत्येकाला लागत नाही. खोटे दागिने घातले की कान चिघळतो, घड्याळाच्या पट्ट्याखाली किंवा पँटच्या बटणापाशी पुरळ उठतं, असा स्पष्ट अनुभव असणाऱ्यांनी तो सर्जनला आधीच सांगावा. टेस्टचा विचार त्यांच्यासाठी. स्पर्शाने होणाऱ्या त्वचेच्या ॲलर्जीवर काम करणाऱ्या अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीच्या २०१६ च्या मार्गदर्शनाचा रोखही हाच आहे.

टेस्ट कोणती, हे तर संदेशात नाहीच. धातूची ॲलर्जी सावकाश उमटते, त्यामुळे झटपट ॲलर्जी शोधणाऱ्या आयजीई रक्तचाचण्या इथे कामाच्या नाहीत. इथे लागते ती पॅच टेस्ट. तिच्यात निकेल, कोबाल्ट, क्रोमियमचे क्षार पाठीवर ४८ तास चिकटवून ठेवतात. पट्ट्या काढल्यावर एकदा आणि पुढच्या एक-दोन दिवसांत पुन्हा त्वचा पाहतात. धातूंसाठी कधी आठवड्यानेही. टायटॅनियमसाठी मात्र ही टेस्ट भरवशाची नाही.

आता "बाहेर फेकतं" याविषयी. ही भाषा मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणाची आहे. तिथे दुसऱ्या माणसाच्या पेशी असतात, धातूत पेशी कुठून येणार? पॅच टेस्ट सांगते ते त्वचेचं. त्वचा आणि हाडालगतची ऊती एकाच धातूला एकसारखा प्रतिसाद देतीलच असं नाही. टेस्ट पॉझिटिव्ह असूनही इम्प्लांटसह विनातक्रार चालणारी माणसं पुष्कळ आहेत. खरी ॲलर्जी होतच नाही असं मी म्हणत नाही. इम्प्लांटभोवती किंवा अंगभर न जाणारा इसब उठू शकतो, पण ते क्वचित.

तिसरा दावा मला सगळ्यात धोकादायक वाटतो. सांधा दुखण्याची नेहमीची कारणं म्हणजे जंतुसंसर्ग, सैल झालेला भाग, चुकलेली ठेवण. संसर्गाला ॲलर्जी समजून बसलात तर तो आत पसरत राहतो. म्हणून आधी रक्ततपासणी, एक्स-रे, गरज पडल्यास सांध्यातलं पाणी काढून तपासणं. ॲलर्जीचा विचार हे सगळं निपटल्यावर.

निकेलचा त्रास आधीपासून ठाऊक असेल तर बसवायचा मिश्रधातू कोणता, हे सर्जनला विचारा. हाडाच्या प्लेट-स्क्रूच्या स्टीलमध्ये निकेल साधारण १० टक्क्यांहून जास्त असतं, कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूत अगदी थोडं. टायटॅनियमचे किंवा वेगळ्या पृष्ठभागाचे पर्यायही असतात. आणि सांधा हाडाला चिकटवणाऱ्या बोन सिमेंटचंही विचारा. त्यातल्या बेंझॉइल पेरॉक्साइड या रसायनाची किंवा जेंटामायसिन या अँटिबायोटिकची ॲलर्जी असू शकते आणि संदेशात तिचा उल्लेखसुद्धा नाही.