पीटीचा तास? छे, गणित घ्या गणित!

नववी-दहावीत पोरं असलेल्या तमाम पालकांनो आणि अनुदानित हायस्कूलच्या तमाम गुरुजनांनो, सर्वांगीण विकास कसा करायचा हे मला आता नीट कळलंय. गेल्या शनिवारी आमच्या शाळेत पालकसभा झाली, तिथं कळलं. शाळेचं नाव घेत नाही, तुमच्या गावातली पण अशीच असणार, फक्त गेटचा रंग वेगळा. तर वह्या काढा आणि लिहून घ्या.

सगळ्यात आधी वेळापत्रक. त्यात शारीरिक शिक्षण आणि कलेचे तास अगदी ठसठशीत टाकायचे, लाल पेनानं चौकट करून. तपासणीला साहेब येतात तेव्हा भिंतीवरचा कागदच बघतात. तास मात्र गणिताचा घ्यायचा. गणिताच्या सरांना नको असेल तर विज्ञानाचा, विज्ञानाचा पोर्शन झाला असेल (होत नाही, पण समजा) तर इंग्रजी ग्रामर. काहीच नसेल तर पोरांना वर्गात 'शांत बसून स्वाध्याय' द्यायचा. पण मैदानावर सोडायचं नाही. एकदा सोडली की घाम येतो, शर्ट मळतो, आरडाओरडा होतो आणि शेजारच्या वर्गातल्या दहावीवाल्यांचं करिअर बरबाद होतं.

पोरांना श्रेणी काय द्यायची ही काळजी करू नका. शारीरिक शिक्षणाला मार्क नसतात, नुसती श्रेणी असते. सगळ्यांना 'अ' द्या. वर्षभरात एकदाही न पळालेल्या पोरालाही 'अ', आणि रोज पहाटे उठून चार किलोमीटर पळणाऱ्या पोरीलाही 'अ'. समानता म्हणतात ती हीच.

चित्रकला ठेवायची, पण मार्कापुरती. भाव ठरलेला आहे, इंटरमिजिएटला, म्हणजे चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला, ए ग्रेड मिळाली तर दहावीला 7 मार्क, बी ला 5, सी ला 3. त्यामुळे आठवीपासून पोराला क्लास लावा, तिथं एकच फुलदाणी आणि एकच वांगं वर्षभर काढून घेतात, स्मरणचित्र म्हणजे पाठ केलेलं बाजाराचं चित्र, त्यात छत्रीवाली बाई डावीकडंच पाहिजे. ए ग्रेड आली की रंगपेटी माळ्यावर टाका. पोरगं म्हणालं की मला अजून चित्रं काढायचीत, तर दोन मिनिटं त्याच्याकडं नुसतं बघा, आपोआप गप्प बसतं.

लेझीम फक्त पाहुण्यांसाठी.

चित्रकलेच्या सरांचा पुरेपूर वापर करा. आमच्याकडचे सर अक्षरलेखनात इतके तयार आहेत की बघत राहावं. फळ्यावर 'मा. आमदारसाहेबांचे हार्दिक स्वागत' लिहितात तेव्हा एकेक अक्षराला खडूनं तीन छटा देतात, काना खाली येताना बारीक होत जातो, आणि मागं सावली. खाली पुसायचं फडकं घेऊन दोन पोरं उभी. हे झालं की सर ऑफिसात जाऊन आवक-जावक रजिस्टरला रकाने आखतात. तेही सुंदर आखतात. वर्गावर? वर्गावर कधी जायचं त्यांनी, इलेक्शनची यादी आहे, पोषण आहाराचा हिशोब आहे, तो काय चित्रकलेनं लागणारे का.

गॅदरिंगला बाहेरून कोरिओग्राफर आणा. शाळेतल्या पोराला तबला येत असेल तर त्याला खुर्च्या लावायला सांगा, गाणी पेनड्राइव्हवर असतात.

आता मैदान. मैदान रिकामं ठेवू नका, पाप लागतं. कुणाचं लग्न, कुणाच्या वाढदिवसाचा केक, नवरात्रात मंडप, बाकीच्या दिवशी स्टाफच्या गाड्या. खो-खोचे दोन खांब आहेत आमच्याकडं, त्यातल्या एकाला मंडपाची दोरी बांधून बांधून तो वाकलाय आणि दुसऱ्याला वॉचमनकाकांचे कपडे वाळत असतात. पोरींनी सराव कुठं करायचा असं विचारू नका. जानेवारी 2025 मध्ये खो-खोचा पहिला वर्ल्ड कप भारताच्या पोरापोरींनी जिंकला, मुलींची कॅप्टन प्रियांका इंगळे, मुलांचा प्रतीक वायकर, दोघंही आपल्या महाराष्ट्राचे, तेव्हा स्टेटस ठेवला होता ना आपण? ठेवला होता. तिरंगा, टाळ्या, मराठी पाऊल पडते पुढे. मग झालं की. आणखी काय करायचं असतं खो-खोचं.

आणि 15 जानेवारीला राज्य क्रीडा दिन न चुकता साजरा करा. खाशाबा जाधवांच्या फोटोला हार घाला. एखाद्या पोरीकडून भाषण पाठ करून घ्या, गोळेश्वरचा पैलवान, 1952, हेलसिंकी, ब्राँझ. त्यात ती गोष्ट येतेच, की खाशाबांना ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्रिन्सिपॉल खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. इथं टाळ्या पडतात, बाईंचे डोळे पण भरून येतात. मग पुढच्या तासाला ग्रामर. आणि त्याच महिन्यात पोरींना जिल्ह्याला खेळायला जायचं असलं की 'एसटीचं भाडं आपापलं आणा', डबा आपापला, बुटांचं तर नावच काढू नका. घर गहाण टाका असं कोण म्हणतंय हो, तिकीट तरी काढा! खाशाबांनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला 2024 उजाडलं, कोल्हापूरच्याच कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे, नेमबाजीत ब्राँझ. मधे 72 वर्षं. एवढं काय करत होतो आपण? गणिताचा जादा तास घेत होतो.

तर आता पालकसभा. हे नीट लिहून घ्या, हाच खरा धडा आहे. मार्क, फी, बस असले विषय झाले. मग तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, सर, नववीचे पीटीचे तास कशाला वाया घालवता, त्यात दहावीचा पोर्शन सुरू करा की. टाळ्या! अहो खऱ्याखुऱ्या टाळ्या. हेडसर लगेच म्हणाले, पालकांचीच इच्छा असेल तर आमची काय हरकत. हात वर करा म्हणाले, भराभर हात वर. मी उठून विचारलं की मग पीटीच्या सरांनी काय करायचं, तर उत्तर आलं, त्यांच्याकडं अपार आयडीचं, म्हणजे पोरांचे ऑनलाइन ओळख क्रमांक काढायचं, काम पेंडिंग आहे. म्हणजे बघा, माणूस बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेला, स्वतः विद्यापीठाकडून खेळलेला, आणि तो कॉम्प्युटरपुढं बसून ओटीपी मागतोय. बरं हे होऊन दहा मिनिटं झाली नाहीत, तेच तिसऱ्या रांगेतले गृहस्थ परत उठले. सर, पोरगं दिवसभर मोबाइल सोडत नाही, घराबाहेर पडतच नाही, वजन वाढलंय, जरा सांगा की त्याला काहीतरी!

काय सांगायचं त्याला? कुठं जायचं त्यानं? गल्लीत गाड्या, मैदानात मंडप, शाळेत गणित. आत्ताच तर टाळ्या वाजवून त्याचे दोन तास काढून घेतलेत तुम्ही. आठवड्याचे दोन तास होते फक्त! ज्या पोराला वर्गात काही येत नाही, रोज उभं राहून बोलणी खातं, ते त्या दोन तासांत राजा असायचं. एवढं साधं दिसत नाही?

सरकारचं बोलायचं तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की सहावी ते आठवीला शंभराच्या वर पोरं असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाला अर्धवेळ शिक्षक पाहिजेत. मग 2015 मध्ये अतिथी निदेशक काढले, म्हणजे तासावर येणारे मास्तर, मानधन तासाला 50 रुपये. पन्नास! गवंड्याच्या हाताखाली तरी येईल का कोण त्या भावात? आणि 2020 च्या नव्या धोरणात लिहितात की अभ्यास, कला, खेळ यांत भेद नको. लिहायला काय जातंय. रिकाम्या जागा भरा ना आधी. असलेल्या मास्तरला मैदानावर राहू द्या ना.

पण मला सरकारपेक्षा तुमचा राग येतोय, खरंच येतोय. सरकारनं पद भरलं नाही म्हणून तास गेला तर समजू शकते. आमच्याकडं सर आहेत, तास आहे, पोरं तयार आहेत, आणि तो तास पालकांनी मागून बंद केला. माझ्या पोरीच्या खो-खोच्या टीममधल्या नऊपैकी पाच पोरींचे आईबाप त्या हात वर करणाऱ्यांत होते. पोरी जिल्ह्याला खेळल्या तेव्हा हार घालायला हेच पुढं, ग्रुपवर फोटो टाकायला हेच पुढं. लाज वाटायला पाहिजे थोडी. चार मार्कांनी पोरगं कुठं पोचणारे हो? तेवढे मार्क तर त्या चित्रकलेत आणि खेळाच्या स्पर्धांतच मिळत होते, मार्कच पाहिजेत तर निदान त्यासाठी तरी तास ठेवायचा!

आणि हेडसर, तुम्ही पण. पालकांची इच्छा म्हणे. पालकांनी उद्या मराठीचा तास बंद करा म्हटलं तर कराल का? शारीरिक शिक्षण हा अभ्यासक्रमातला विषय आहे, हात वर करून रद्द करायचा नसतो, हे तुम्हाला माहीत नाही असं नाही. मी लेखी अर्ज देणार आहे, पोच घेणार आहे, आणि पोच दिली नाही तर तोच अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं नेणार आहे. तोवर तो मंडपाचा बांबू तेवढा मैदानातून उचला, परवा एका पोरीचा पाय त्यात अडकून सोलून निघालाय.