‘अप’ आणि ‘ऑफ’ उगाच येत नाहीत

“फ्रेझल व्हर्बला लॉजिक नसतं, पाचशेची यादी पाठ करा. मराठीत असं काही नसल्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलांना ती जमत नाहीत. इंटरव्ह्यूत तर वापरूच नका, ती बोलीभाषा आहे.” सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. फ्रेझल व्हर्ब म्हणजे इंग्रजी क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’ असा छोटा शब्द जोडून झालेलं क्रियापद, जसं ‘टेक ऑफ’. मी याच मुलांना इंग्रजी शिकवते, म्हणून गप्प बसवत नाही.

मराठीत असं काही नाही? ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांतला फरक पाच वर्षांच्या पोरालाही कळतो. ‘पोळी खाऊन टाक’ म्हटल्यावर कुणी पोळी टाकून देत नाही. ताटात काही उरवायचं नाही, एवढंच ते ‘टाक’ सांगतं. ‘ईट अप’मधला ‘अप’ नेमकं हेच करतो. ‘ड्रिंक अप’ म्हणजे पिऊन टाक, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपव. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना प्रहार, आहार, संहार, विहार आठवत असतील. धातू एकच, ‘हृ’. उपसर्ग बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो. इंग्रजीत तो तुकडा क्रियापदाच्या मागून येतो.

आता लॉजिक. ‘ऑफ’मध्ये सुटण्याचा, तुटण्याचा भाव असतो. ‘टेक ऑफ’ करताना विमानाची जमीन सुटते, ‘सेट ऑफ’ करताना आपलं घर सुटतं, ‘कट ऑफ’मध्ये संबंध तुटतो. ‘पुट ऑफ’ म्हणजे आजचं काम आजपासून लांब सारणं. ‘पुट अप विथ’, म्हणजे सहन करणं, असं फोड करून कळत नाही हे खरं. अशी काही पाठच करावी लागतात. म्हणून पाचशेच्या पाचशे घोकायची?

शिवाय मुलं अडखळतात ती जागा यादीत नसतेच. ‘टर्न ऑफ द फॅन’ चालतं, ‘टर्न द फॅन ऑफ’ही चालतं, पण ‘इट’ आलं की ‘टर्न इट ऑफ’च. ‘लुक आफ्टर’ मात्र फोडता येत नाही.

राहिला इंटरव्ह्यू. ‘चिल आउट’ तिथे नको, मान्य. पण शोधनिबंधांत प्रयोग ‘कॅरी आउट’ होतात, सरकारी समित्या ‘सेट अप’ होतात. परवा सराव मुलाखतीत एक मुलगी ‘फाइंड आउट’ म्हणता म्हणता थांबली आणि त्याऐवजी भारदस्त शब्द शोधत राहिली. उत्तर तिला येत होतं.