आमच्या घरातलं तुणतुणं

गेल्या महिन्यात वणीच्या गडावर निघालो होतो. म्हसरूळ सुटलं आणि मागच्या सीटवरून फर्मान आलं, "बाबा, माझं गाणं लाव." दिंडोरी येईपर्यंत ते गाणं अकरा वेळा वाजलं. मोजलंय मी. मोबाइलवरचं बालगीत, खाली कीबोर्डचा तोच तो ठेका, वर मशीनमधून पिळून काढलेला आवाज. गाणारी बाई तिशीची तरी असावी, पण बोबडं गात होती. आमची लेक चार वर्षांची आहे आणि 'र' स्पष्ट म्हणते.

बायको म्हणाली, "पोरांची गाणी अशीच असतात, सहन कर." दिंडोरीत चहाला थांबलो तेव्हा मीही मान डोलावली होती.

पुढच्याच आठवड्यात पंचवटीत मामेभावाचं लग्न झालं आणि रात्री घरात गोंधळ घातला. जुनं घर, माजघरात पंचवीस-तीस माणसं. तांदळाचा चौक, ज्वारीच्या ताटांचा छोटासा मांडव, दिवटी पेटवलेली. दहानंतर स्पीकर बंद, म्हणून माइकच लावला नव्हता, हे आमचं नशीब. एक संबळ, एक तुणतुणं, एक झांज आणि तीन गळे. बस्स.

गोंधळी एकेका ठिकाणच्या देवाला हाका मारायला लागले. तुळजापूर झालं, माहूर झालं, जेजुरी झाली, आणि वणीचं नाव आल्यावर आमची लेक जागच्या जागी उभी राहून ओरडली, "आम्ही गेलो होतो!" सगळं माजघर हसलं. संबळवाल्याने तिच्याकडे बघून मान हलवली आणि वणीचं नाव पुन्हा एकदा घेतलं, खास तिच्यासाठी.

मग आख्यान सुरू झालं. गोंधळात एक सांगणारा असतो आणि एक मध्ये मध्ये अडवणारा. सांगणारा म्हणाला, "एक होता राजा." अडवणारा म्हणाला, "कोण, तो कोपऱ्यावरचा चहावाला?" लेक खाली पडून हसली. थोड्या वेळाने त्याने जावयांवर एक असा टोला हाणला की सगळ्या माम्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. लेकीला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण ती पुन्हा हसली, कारण सगळे हसत होते. रात्रीचा एक वाजला. आई दोनदा म्हणाली, "अगं, झोप आता." कोण झोपतंय!

मध्ये चहा झाला तेव्हा ती तुणतुणंवाल्या काकांजवळ जाऊन बसली. तुणतुणं जवळून बघितलंय का कधी? लाकडाचा पोकळ डबा, वरून उघडा, बुडाला कातडं. त्या कातड्याच्या मधोमध तार ओवलेली आणि बाजूला ठोकलेल्या दांडीच्या खुंटीला ताणलेली. काकांनी तिचा हात बुडाच्या कातड्यावर हलकेच टेकवला आणि तार छेडली. तिने हात झटकन मागे घेतला, पुन्हा लावला आणि मला म्हणाली, "बाबा, गुदगुल्या करतंय!"

आवाज कशातून निघतो हे तिला त्या रात्री तळहाताला कळलं. मोबाइलमध्ये आवाज कुठून येतो, हे मला तरी कुठे सांगता येतं?

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. मुलांसाठी म्हणून वेगळं संगीत बनवायचं, हे खूळ आपल्याकडे आलं कधी? अंगाई-बडबडगीतं सोडली तर आपल्या लोकगीतांमध्ये मुलांचा वेगळा कप्पा फारसा नव्हताच. जात्यावर ओवी गाणारीच्या मांडीवर पोर असायचं. ओवी पोरासाठी नव्हती आणि पोराशिवायही नव्हती. भोंडल्यात सासू सुनेला माहेरी सोडत नाही, आधी कारल्याचं बी पेर म्हणते, मग वेल येऊ दे, मग कारली लागू देत. चार वर्षांच्या पोरीला ती पुढे पुढे सरकणारी मजेची साखळी वाटते. फेरात शेजारी उभ्या असलेल्या तिच्या आजीला ती मजेची वाटत नाही. दोघी एकाच ठेक्यात टाळ्या वाजवतात.

एकनाथांचं विंचवाचं भारूड घ्या. पोरांना विंचू चावून थयथयाट करणारा माणूस दिसतो, मोठ्यांना तो विंचू काम-क्रोधाचा आहे हे ऐकू येतं. भारूड म्हणजे दुमजली घर. पोरं ओसरीवर खेळतात, मोठ्यांनी हवं तर माडीवर जावं. हल्लीच्या बालगीताला माडीच नाही. आईबापांनी कानात बोळे घालून ओसरीवरच बसायचं.

"लोकगीतं मुलांना जड जातात," असं एक मित्र म्हणाला. जड काय जातं? शब्द? 'नाच रे मोरा' 1953 सालच्या देवबाप्पा सिनेमातलं. शब्द गदिमांचे, चाल पुलंची, आवाज आशाबाईंचा. पोरांचं गाणं म्हणून यातल्या कुणीही हात आखडता घेतला नाही, म्हणून आज सत्तरीतली आजीसुद्धा ते गुणगुणते. मुलांना उष्टंखरकटं चालतं हे आपण ठरवलंय, मुलांनी नाही.

शाळेच्या स्नेहसंमेलनात तर कहर होता. लोकनृत्य होतं, नऊवारी होती, नाकात नथ होती, आणि गाणं पेनड्राइव्हवर. पोरं नुसते ओठ हलवत होती. मी विचारलं, निदान एक पेटी आणि एक ढोलकी ठेवता आली नसती का? "सर, ट्रॅक सेफ असतो." वाजवणारा चुकला तर पोरं चुकतील म्हणे. चुकू द्या की! गोंधळात अडवणाऱ्याचं कामच चुकण्याचं असतं.

माइक नव्हता हे नशीब म्हटल्यावर आता कुणीतरी म्हणेल, नाशिकचा माणूस आणि ढोलाला नावं ठेवतोय? अजिबात नाही. मिरवणुकीत नाशिक ढोल घुमला की माझेही पाय थांबत नाहीत. पण तो रस्त्याचा आवाज आहे. दोन वर्षांच्या पोराला खांद्यावर घेऊन ढोलाच्या तोंडाशी उभे राहणारे बाप बघितले की माझ्याच कानात कळ येते. घराचा आवाज वेगळा. तो इतका लहान असावा की पोराच्या प्रश्नाने थांबेल आणि उत्तर देऊन पुढे सुरू होईल.

पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला दिंड्या नाशिकवरून त्र्यंबकला जातात. लेकीला घेऊन दोन-तीन किलोमीटर तरी चालायचं ठरवलंय. हल्ली काही दिंड्यांबरोबर गाडीवर कर्णे असतात, त्या पुढे जाऊ द्यायच्या. मागून नुसते टाळ, पखवाज आणि वीणा घेऊन येणारी एखादी दिंडी गाठायची.

तोवर घरी प्रयोग चाललेत. दूध पावडरीचा डबा घेतला, बूड कापून तिथे फुगा ताणला, मधून मासेमारीची दोरी ओवली, बाजूला झाडूची काठी बांधली. वाजलं! अगदी 'टुंय' असं, पण वाजलं. लेकीने त्यावर तुळजापूर, माहूर, जेजुरी, वणी आणि दिंडोरी, सगळ्यांना बोलावलं. दिंडोरीत आपण चहा प्यायलो होतो म्हणून. बायको पोळ्या लाटता लाटता झील धरत होती. तिला विचारलं तर नाही म्हणेल.

तिसऱ्या दिवशी फुगा फुटला. चौथ्या दिवशी दुसराही. आता घरात सकाळ-संध्याकाळ एकच मागणी आहे, "खरं आण." आई म्हणते, "बापाचं एकच तुणतुणं होतं, आता लेकीचंही."

तर मंडळी, भद्रकाली, रविवार कारंजा, जुनं नाशिक, कुठेही तुणतुणं बनवणारं किंवा दुरुस्त करणारं कुणी माहीत असेल तर कळवा. भिंतीवर टांगायचं शोभेचं नको. वाजणारं हवंय, आणि चार वर्षांच्या हाताला पेलेल इतकं.