‘डबडं घेऊन जायचे नऊशे रुपये?’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार काका,

(प्रतिक्रियेखाली तुम्ही ‘एक पेन्शनर’ अशी सही केली आहे आणि कोकणातल्या लहानपणाच्या आठवणीही सांगितल्या आहेत, तेव्हा काका म्हणायला हरकत नसावी.)

मुळशीतल्या रानातल्या मुक्कामावरचा माझा लेख तुम्हाला अजिबात पटलेला नाही. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. वीज नाही, गिझर नाही, फ्लशचा संडास नाही, तरी माणशी नऊशे रुपये. हे सगळं आम्ही गावाला फुकटात केलंय. वर नियमांचा जाच: तंबू सांगतील तिथेच, शेकोटी सांगतील तशीच, स्पीकर नाही, टॉर्चलासुद्धा लाल कागद. आणि जाता जाता हाणलेला टोला: ‘निसर्गाचा एवढाच कळवळा असेल तर माणसं तिथे न्यावीतच कशाला?’

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, त्याच्याकडे मी येणार आहे. पण आधी डबड्याचं बघू, कारण तुमचं शीर्षकच ते आहे, आणि त्या संडासाबद्दल मला बरंच काही माहीत आहे. मी तिथला मालक नाही, अधूनमधून मदतीला जातो. पण त्या संडासाचा मागचा दरवाजा उघडून आतला माल फावड्याने काढलेल्यांपैकी मी एक आहे.

उघड्यावर जाणं आणि हे, यात साम्य एकच: फ्लश नाही. ताम्हिणीकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक असेल. जुलैत तिथे हातभर खड्डा खणला तर तळातून पाणी वर येतं. अशा जागी नेहमीचा शोषखड्डा घेतला की पावसाळ्यात त्यातलं सगळं बाहेर पडून उताराला लागतं. उताराला झरा आहे आणि त्या झऱ्यावर खालच्या वाडीतल्या बाया हंडे भरतात. म्हणून संडास जमिनीत न नेता जमिनीवर बांधलाय. जोतं कंबरेइतकं उंच, त्यात दोन बंद कप्पे, वर खोपटं, चढायला पाच पायऱ्या. एका वेळी एकच कप्पा वापरायचा. आत पालापाचोळ्याची आणि तुसाची पाटी ठेवलेली असते. बसून झालं की दोन ओंजळी टाकायच्या, झाकण लावायचं. एवढंच काम पाहुण्याचं.

गंमत धुण्याच्या पाण्याची आहे. परदेशी पुस्तकांतले कोरडे संडास कागद वापरणाऱ्यांसाठी बेतलेले असतात. आपली माणसं पाणी वापरणार, आणि पाणी कप्प्यात गेलं की कुजण्याऐवजी सडतं, वास सुटतो, माश्या होतात. त्यामुळे तिथे धुवायची जागा वीतभर मागे वेगळी केली आहे. ते पाणी नळीने बाहेर कर्दळीच्या वाफ्यात जातं. नवखा माणूस पहिल्या वेळी हमखास गोंधळतो, म्हणून आत भिंतीवर चित्र काढून ठेवलंय (चित्र फारच सविस्तर आहे असं काहींचं मत पडलं, पण त्याचा उपयोग होतो).

कप्पा भरला की बंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा कोरड्या साठवणीला उष्ण हवेत वर्षाहून जास्त काळ द्यावा असं सांगितलंय, त्याआधी तिथे हात लावायचा नाही. त्यानंतर दरवाजा उघडला तर आत ओल्या चहापत्तीसारखं काळं, भुसभुशीत काहीतरी असतं आणि वास येतो तो पावसाळी मातीचा. ते आंब्यांच्या आळ्यात जातं, भाजीला अजिबात नाही. आता तुम्हीच सांगा, रोज सकाळी चालू कप्प्यातला ढीग सपाट करणाऱ्या, पाला गोळा करून वाळवणाऱ्या, कर्दळीचा वाफा निपटणाऱ्या माणसाला मजुरी द्यायची की नाही? फ्लश ओढला की घाण आपल्या डोळ्यांआड होते आणि तिचं पुढे काय होतं ते दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्याला असतं. इथे ती नजरेसमोर निस्तरावी लागते, आणि त्यालाच पैसे पडतात.

तंबूच्या जागांबद्दल तुम्ही लिहिलंत, ‘एवढं माळरान मोकळं असताना पाचच ओट्यांवर दाटीवाटी का? माणसं पांगली तर गवताला त्रास कमी.’ ऐकायला बरोबर वाटतं, पण होतं उलटं. तुडवण्याने झाडोऱ्याचं काय होतं याचा अमेरिकेत वनखात्याच्या संशोधकांनी काही दशकं अभ्यास केलाय. त्यातून पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट अशी की बहुतेक नुकसान पहिल्या थोड्याच पावलांत होऊन जातं. कोरी जागा काही मुक्कामांतच उघडी पडते, नंतर त्याच जागी आणखी कितीही माणसं राहिली तरी भर फार थोडी पडते. म्हणजे दहा तंबू दहा नव्या जागी लागले तर दहा टकलं पडणार. एकाच मळलेल्या जागी आळीपाळीने लागले तर एकच. अपवाद अगदी निर्जन ठिकाणांचा, जिथे वर्षात एखादाच माणूस फिरकतो. तिथे पांगणंच बरं. दर शनिवारी पाहुणे येणाऱ्या जागेला तो हिशेब लागू पडत नाही.

आणि ते ओटे नव्याने काढलेले नाहीत. माळाच्या कडेला पूर्वी खळं होतं, नाचणी आणि वरई झोडपायचं. बैल फिरून फिरून ती जमीन इतकी बसलीय की शेती सुटून इतकी वर्षं झाली तरी तिथे धड गवत येत नाही. तंबू तिथेच. मधला माळ तुम्ही सप्टेंबरात पाहायला हवा. सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, मध्ये मध्ये कवल्याची बारकी फुलं, पाय ठेवायला जागा नाही. तेरडा आणि कवला वर्षायू आहेत. यंदा बी पडलं नाही तर पुढच्या वर्षी रोप नाही. म्हणून पहिल्या पावसापासून गवत कापून होईपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, मुक्काम बंदच असतो. लोक नेमके फुलांच्याच दिवसांत यायचं म्हणतात आणि त्यांना नाही म्हणावं लागतं. पैसा मिळवायचाच उद्देश असता तर हाच खरा धंद्याचा मोसम होता.

शेकोटीचं म्हणाल तर ती बंद नाही, घमेल्यात आहे. तीन दगडांवर लोखंडी घमेलं, आत लाकूड, सकाळी राख उचलली की जमिनीवर डागसुद्धा नाही. लाकूड तालुक्याच्या वखारीतून विकत आणतात. तुम्ही विचारलंत की रानात एवढी लाकडं पडलेली असताना हा कसला शहाणपणा. तिथल्या हिरडा, ऐन, जांभूळ या झाडांना १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने संरक्षण आहे, स्वतःच्या मालकीची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, हे तुम्हाला माहीतच असेल. पडलेल्या ओंडक्याला तो कायदा आड येत नाही, तरी तो उचलत नाहीत. त्याचं कारण मेच्या अखेरीस दिसतं. काजव्यांच्या अळ्या अशाच ओलसर पालापाचोळ्यात आणि कुजक्या लाकडाच्या आसपास वाढतात, तिथल्या गोगलगाई खाऊन मोठ्या होतात. आपल्याला लखलखाट दिसतो तो थोड्या दिवसांचा शेवटचा अंक. बाकीचं आयुष्य त्या पाल्याखाली गेलेलं असतं. ओंडके जाळले, पाला झाडून अंगण केलं, की काजवे कुठून येणार?

लाल कागदाचंही तेच. नर-मादी एकमेकांना उजेडानेच शोधतात. त्यात आपण पांढरा झोत मारला की त्यांचा निरोप पोचत नाही. भंडारद्याच्या बाजूला काजव्यांच्या दिवसांत रात्री गाड्यांच्या हेडलाइटांची जी रांग लागते ती पाहिलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही.

फेब्रुवारीनंतर मात्र घमेलंही आत ठेवतात. वाळलेला माळ, दुपारचा वारा, आणि शेजारच्या डोंगरावर कुणीतरी लावलेला वणवा. डिसेंबरात हद्दीने गवत खरवडून जाळरेषा काढतात तरी त्या महिन्यांत घरातलं कुणी ना कुणी रात्री उठून डोंगराकडे बघून येतंच. त्या दिवसांत येणाऱ्या पाहुण्याला शेकोटी मिळत नाही. पिठलं-भाकरी मावशींच्या चुलीवरून येते. (मावशी म्हणजे रानाची मालकीण. त्यांच्या हातच्या पिठल्याबद्दल तुमची काही तक्रार नाही, हे मी नोंदवून ठेवलंय.)

स्पीकरवर जास्त लिहीत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा तो उघड्यावर लावायचा नाही, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे (सरकार सवलत देतं ते मोजके दिवस सोडून). इथे दिवसाही नको म्हणतात, इतकाच फरक. रातवा पक्ष्याची ठकठक ऐकत पडायला मिळतं, ज्यांना तो कंटाळा वाटतो त्यांनी खरंच दुसरीकडे जावं. जागांना तोटा नाही.

आणि त्या दुसरीकडच्या जागांबद्दल तुमचा-माझा वाद नाही. धरणाच्या काठी जेसीबीने सपाट केलेली जमीन, त्यावर प्लॅस्टिकचं हिरवं गवत, हातभर अंतरावर शे-दीडशे तंबू, डीजे, आणि प्रवेशद्वारावर ‘इको’ लिहिलेली पाटी. सकाळी काठावर काय काय तरंगत असतं ते तुम्ही लिहिलंतच. असल्या ठिकाणी गैरसोयीचे पैसे घेतात हा तुमचा आरोप मला शंभर टक्के मान्य आहे. तो राग तुम्ही या रानावर काढलात, एवढंच माझं म्हणणं.

आता शेवटचा टोला. माणसं न्यावीतच कशाला?

रानाच्या दृष्टीने कुणीच न येणं सगळ्यात चांगलं, यात शंका नाही. पण तो पर्याय त्या घरापुढे नव्हताच. ती वरकस, म्हणजे डोंगरउतारावरची हलकी जमीन आहे. नाचणी-वरई सुटली, गवताच्या विक्रीतून येतं ते कापणीच्या मजुरीत जातं. मावशींचे दोन दीर चाकणला कंपनीत, त्यांना शहरात घर घ्यायचंय, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पांढऱ्या गाडीतून एजंट येऊन ‘काय ठरलं?’ विचारून जातो. शेजारची टेकडी तशीच गेली. तिथे आधी जेसीबीने रस्ता काढला, मग पायऱ्यापायऱ्यांचे प्लॉट, प्रत्येकाला कुंपण, बोअर, लॉन. ऐन-हिरड्याच्या जागी आता शोभेचे पाम आहेत. त्या टेकडीवर तंबू लावून कुणी काही बिघडवलं नव्हतं. उलट तिथे कुणीच येत नव्हतं, तिच्यातून छदाम मिळत नव्हता, आणि म्हणून ती विकायला कुणाला जड गेलं नाही.

तुमचे नऊशे रुपये त्या वादात मावशींच्या बाजूने पडतात. त्यातून जेवण, एका गड्याची मजुरी, लाकूड, डागडुजी वजा जाता जे उरतं ते फार नाही, पण दिरांपुढे वही उघडून दाखवता येते. या वर्षी घरात विक्रीचा विषय मागे पडलाय. कायमचा मिटलाय असं मी म्हणणार नाही. जमिनीचे भाव ज्या वेगाने चढतायत त्यापुढे दहा माणसांचे शनिवार-रविवार किती दिवस टिकतील, सांगता येत नाही. मग दहाची वीस माणसं करा, असं मावशींना सांगणारेही भेटतात. त्यांनी अजून ऐकलेलं नाही. वीस माणसांना संडासाचे कप्पे पुरणार नाहीत, हे त्यांचं साधं उत्तर असतं, आणि ते खरंही आहे: वर्ष पुरं व्हायच्या आत दुसराही कप्पा भरला तर सगळीच व्यवस्था कोलमडते. किती पाहुणे घ्यायचे हे तिथे शेवटी संडास ठरवतो.

राहता राहिला तुमचा खालचा ताजा कलम, गुडघेदुखीवाल्यांनी काय करायचं. आत उकिडवं बसावं लागत नाही, कमोडच्या उंचीची लाकडी बैठक आहे, उठताना धरायला बांबूचा कठडा आहे. गाडी वाडीपर्यंत येते, पुढे पाऊलवाटेने चढ आहे. सामान मावशींचा मुलगा आणून देतो, त्याचे पैसे त्याच्या हातात वेगळे द्यायचे. पाच पायऱ्या मात्र चुकत नाहीत. रात्री उठावं लागत असेल तर नोंदणी करतानाच पहिला ओटा मागून घ्या, संडासाला तोच सगळ्यात जवळ आहे. वासाची काळजी नको, फक्त त्या दोन ओंजळी विसरू नका.